आज फास्ट आहे

नऊ वाजून गेले तरी फोन वाजला नाही, तेव्हा त्याने तो खिशातून काढून चालू आहे ना ते पाहिलं. चालू होता. बॅटरी भरलेली, रेंज पूर्ण, आवाज मोठा. दारावर टकटक झाल्यासारखं वाटून दार उघडावं आणि बाहेर कुणीच नसावं, तसा तो त्या फोनकडे बघत राहिला. डोळ्यांच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावरच्या लांब बाकावर तो बसला होता. शेजारी थोरला भाऊ. त्याच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. डावा उघडा होता, पण तो दोन वर्षांपूर्वीच गेलेला. केवळ चेहऱ्याची बाजू रिकामी दिसू नये म्हणून असल्यासारखा. अकराच्या सुमाराला डॉक्टर पट्टी काढणार होते. आतला पडदा जागेवर बसला असेल तर दादाला दिसणार होतं. नसेल तर नाही. डॉक्टरांनी हे असंच सरळ सांगितलं होतं. दादा आयुष्यभर कोट शिवत आला. माणूस दुकानात शिरला की चेहरा बघायच्या आधी खांदा बघणारा. आता बाकावर बसून तो दोन्ही हातांनी स्वतःच्या शर्टाची किनार चाचपत होता, शिवण कुठे सैल आहे ते बघत असल्यासारखा.

‘कोणाचा फोन?’ दादाने विचारलं.

‘कोणाचाच नाही.’

‘मग एवढ्या वेळा काय काढतोयस?’

याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. आणि दादाला लांबलचक उत्तरं दिली की तो मधेच ‘बरं बरं’ म्हणून मोकळा होतो, हे त्याला पन्नास वर्षं माहीत होतं. उत्तर असं, की तो ज्या एक्सरे सेंटरमध्ये कामाला होता तिथे सगळे त्याला लॉगिनकाका म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणत, नव्या पेशंटलाही ‘थांबा जरा, लॉगिनकाका आले की सुरू करू’ असं सांगत. सेंटरच्या मालकीण डॉक्टरीणबाई. शेजारच्या दुकानाला एकदा वायरी जळून आग लागली, तेव्हापासून त्यांनी संध्याकाळी जाताना मेन स्विच खाली ओढायचा नेम धरला होता. स्वतः ओढायच्या, आणि ओढल्यावर त्या स्विचवरून एकदा हात फिरवायच्या. त्यामुळे सकाळी सेंटर दर वेळी नव्याने जन्माला यायचं. सर्व्हर चालू व्हायचा, पण एक्सरेची चित्रं त्याच्या पोटात नसत; ती मागच्या खोलीतल्या स्टोरेजच्या काळ्या डब्यात. आणि तो डबा मोठा मानी. सर्व्हरने रोज नव्याने नाव आणि पासवर्ड सांगितल्याखेरीज आत घेत नसे. ते नाव आणि तो पासवर्ड काका टाइप करत. त्याआधी एकही चित्र ठेवायला जागा नसे, म्हणून मान अवघडलेली, मनगट सुजलेली माणसं बाहेर खुर्च्यांवर ताटकळत, आणि काका आत शिरले की सगळ्यांच्या माना, ज्यांना वळवता येत होत्या त्यांच्या, त्यांच्याकडे वळत. त्या वळणाऱ्या मानांची काकांना चटक लागली होती असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण उशीर झाला की ते जिना जरा सावकाश चढत, हे खरं.

हे सगळं आपोआप होऊ शकतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. सर्व्हर सुरू होतानाच त्याने स्वतः लॉगिन करावं, स्टोरेज आपल्या फोल्डरला जोडून घ्यावं, असं एका फायलीत लिहून ठेवता येतं. लिनक्सचं काम करणारा कोणीही ते चहा गार व्हायच्या आत करतो. डॉक्टरीणबाईंनी पूर्वी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा काकांनी आवाज खाली आणून ‘करता येतं, पण जोखीम आहे’ असं सांगितलं होतं. जोखीम हा शब्द डॉक्टर लोकांवर हमखास लागू पडतो. मात्र या वेळी दादाच्या ऑपरेशनसाठी रजा मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, ‘तुम्ही हक्काने जा हो. पण मग ते तुमचं लॉगिन मशीनलाच शिकवून जा. माणूस नसला तर सेंटर बंद, असं किती दिवस चालवायचं?’ यात वाईट काही नव्हतं. वाईट एवढंच वाटलं, की बाई हे बोलताना दुसऱ्याच्या एक्सरेकडे बघत होत्या. काकांनी दुपारी बसून ते लिहिलं, सर्व्हर बंद करून चालू केला, स्टोरेज आपसूक जोडलं गेलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा जोडलं गेलं. टेक्निशियनबाईंनी मागून डोकावून टाळी वाजवली. ‘काका, आता तुम्ही निवृत्त!’ त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन जेवायला गेल्या.

म्हणजे फोन वाजायला नको हेच बरोबर होतं. तरीही शेवटी त्यानेच लावला. ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारताना आवाजात काळजी यावी याची त्याने काळजी घेतली.

‘एकदम मस्त!’ टेक्निशियनबाई म्हणाल्या. मागे यंत्राची घरघर, कुणाला तरी ‘श्वास रोखा’ म्हणणारा आवाज. ‘काका, तुम्ही काय जादू केलीत? आज सगळं फास्ट आहे. बटण दाबलं की फोटो सेव्ह. रोज कसं ते गोल गोल फिरत बसायचं, आज ते पण नाही. सात पेशंट झाले आत्तापर्यंत. तुम्ही आधीच का नाही केलंत हो हे?’

‘करायचं राहून गेलं,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

फास्ट. हा शब्द कानात गेला तो तिथेच अडकला. स्टोरेज कधीच फास्ट नव्हतं. तो काळा डबा जुना, त्याची तार भिंतीतून वळसे घेत गेलेली. चित्र साठवताना पडद्यावर ते चाक फिरायचंच. आज चाक फिरत नव्हतं याचा अर्थ चित्रं भिंतीपलीकडे जातच नव्हती. ती सर्व्हरच्याच पोटात पडत होती. आणि मग, बाकावर बसल्या बसल्या, त्याला ते दिसलं, इतकं ठसठशीत की त्याने डोळे मिटून घेतले. सकाळी मेन स्विच वर केला की सर्व्हर आधी जागा होतो. नेटवर्कची ती लहान डबी, जिच्यातून सर्व्हरची तार स्टोरेजकडे जाते, ती सावकाश उठते. तिचा दिवा आधी नारिंगी असतो, बराच वेळ लुकलुकतो, मग हिरवा होतो. काका रोज सकाळी स्टूल ओढून त्या दिव्यासमोर बसत. काही न करता. हिरवा झाला की टाइप करत. इतकी वर्षं. आणि मशीनला लिहून देताना त्यांनी लॉगिन लिहिलं, नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला, जोडणी मिळाली नाही तर अडून न बसता पुढे जा हेसुद्धा शहाणपणाने लिहिलं. पण नेटवर्क येईपर्यंत थांब, ही एक ओळ लिहिली नाही. तपासताना त्यांनी फक्त सर्व्हर बंद-चालू केला. डबी भरदुपारी हिरवीगार जळत होती. मेन स्विच ओढून कुणी तपासलंच नाही.

थांबणं हे काम आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण रोज सकाळी काय करतो असं विचारलं असतं तर त्याने ‘टाइप करतो’ सांगितलं असतं. दिव्यासमोरचा तो वेळ त्याने कधी कशातच धरला नव्हता. आता आठवताना मात्र तोच वेळ भरभरून येत होता: स्टुलाचा एक पाय आखूड, बाहेरच्या खुर्च्यांवरचा खोकला, वहाणांची चुळबूळ, काचेवरची धूळ, आणि आपण अगदी गरजेचे आहोत ही पोटात ऊब देणारी भावना. की हे विसरणं नव्हतंच? त्या दुपारी बोटं फायलीवर असताना आत कुठेतरी काहीतरी नारिंगी लुकलुकून गेलं होतं का? त्याने स्वतःला नीट विचारून पाहिलं. माणूस स्वतःला विचारतो तेव्हा आवाज जरा मऊच लावतो. उत्तर आलं नाही.

आलं ते दुसरंच. याच वासाची जागा, असाच बाक, वहिनी आत. तीन वर्षं झाली. दादाने त्याला बोलावून घेतलं होतं, ‘माझ्याजवळ बस, मला एकट्याला सुधरत नाही’ असं म्हणून. दादासारखा माणूस असं वाक्य उच्चारतो हेच भीतिदायक होतं. तो बसला. वहिनीच्या श्वासाचा आवाज दारातून येत होता, कापड सावकाश फाडावं तसा. आणि आठ वाजले तसा तो उठला. ‘लॉगिन करून येतो,’ तो म्हणाला. सेंटरमधून कुणीही फोन केला नव्हता. त्या दिवशी सेंटरला सुट्टी होती. डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या. त्याने कुलूप उघडलं, मेन स्विच वर केला, स्टुलावर बसून दिवा हिरवा होताना पाहिला, लॉगिन केलं, आणि रिकाम्या सेंटरमध्ये सगळे कीबोर्ड एकेक करून पुसले. दुपारी परतला तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती. दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी निदान खोटं बोलता येतं.

त्यानंतर हे लॉगिन फार उपयोगी पडलं. दादाच्या घरी गेलं की तासाभरात ते निघायचं. पुतणीच्या साखरपुड्यात निघालं, दादाचा पहिला डोळा गेला त्या आठवड्यात तर दोनदा निघालं. या ऑपरेशनच्या वेळी मात्र दादाने आधीच विचारलं होतं, ‘बारक्या, पट्टी काढतील तेव्हा असशील ना? नाहीतर तसं सांग, मी शेजारच्याला नेतो. त्याला वाईट वाटणार नाही.’ त्याला म्हणजे कोणाला, ते स्पष्ट केलं नव्हतं.

आणि आज, पहिल्यांदाच, खरोखरचं काम निघालं होतं. त्याने हिशेब मांडून पाहिला, आणि मांडता मांडता बरं वाटू लागलं. अकराला डॉक्टरीणबाई जुने-नवे एक्सरे ताडून बघायला बसतात. जुने मागतील, जुने दिसणार नाहीत, कारण ते भिंतीपलीकडच्या डब्यात आणि डबा जोडलेलाच नाही. टेक्निशियनबाईंकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध: सर्व्हरचं बटण दाबून बंद, पुन्हा चालू. त्या ते दाबतील. आता डबी हिरवी आहे, त्यामुळे सर्व्हर शहाण्यासारखं लॉगिन करेल, स्टोरेज त्या फोल्डरवर येऊन बसेल, जुने सगळे एक्सरे लख्ख दिसतील, आणि सगळे खूश होतील. फक्त सकाळपासूनची माणसं दिसेनाशी होतील. गेली नसतील; त्याच फोल्डरच्या खाली असतील, गादीखाली ठेवलेल्या कागदांसारखी. पण गादी उचलायची हे तिथे कुणाला माहीत नाही. मग त्या सगळ्यांना घरी फोन जातील, परत या, पुन्हा मान वळवा, पुन्हा सुजलेला हात पाटीवर ठेवा, पुन्हा किरण घ्या अंगावर. हे टाळायचं तर जायलाच हवं. तो उठला. गुडघे चक्क हलके झाले होते.

‘दादा, जरा गडबड झालीय सेंटरमध्ये.’

‘हं.’

‘खरोखर झालीय. या वेळी खरी आहे.’ हे बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

दादाने शर्टाची किनार सोडली. उघडा, न दिसणारा डोळा समोरच्या भिंतीवर होता. ‘या वेळी,’ तो म्हणाला, आणि जरा वेळाने, ‘जा ना मग. मला काय, आत हाताला धरून नेतात. नर्स चांगली आहे. तिचा हात गरम असतो.’

‘पट्टी काढेपर्यंत येतो मी.’

‘तू निघ रे बाबा. येतो-बितो सांगत बसू नकोस. त्याने माझं लक्ष दाराकडे राहतं, आणि दार मला दिसत नाही.’

जिन्याजवळ खिडकी होती. खाली रस्त्यावर एक माणूस मोटारीची काच पुसत होता, सारखी तीच जागा. तो कठड्याला धरून पहिल्या पायरीवर थांबला. सेंटरला पोचायला अर्धा तास. तिथे गेल्यावर काय करायचं याची त्याने मनात उजळणी केली: सगळ्यांना काम थांबवायला सांगायचं, आजचा फोल्डर उचलून बाजूला ठेवायचा, लॉगिन करायचं, आजची चित्रं स्टोरेजमध्ये नेऊन टाकायची, फायलीत ती राहिलेली ओळ लिहायची. बास. दिवा तर केव्हाचाच हिरवा असणार. थांबण्याजोगं तिथे काहीच उरलं नव्हतं. यातली एकही गोष्ट अशी नव्हती जी फोनवरून सांगता आली नसती. हे कळलं तेव्हा त्याला आधी राग आला, कुणाचा ते कळेना, सर्व्हरचा बहुधा. मग लाज. पुढची पायरी उतरायला उचललेलं पाऊल तसंच हवेत होतं. ते त्याने मागे घेतलं.

‘बाई, काम थांबवा,’ तो फोनमध्ये म्हणाला. ‘आणि सर्व्हरच्या बटणाला हात लावू नका.’

‘अगं बाई, आत्ताच लावणार होते! मॅडम लवकर बसल्यात, त्यांना जुने फोटो दिसत नाहीयेत. काय झालं?’

‘माझी चूक झालीय. सांगतो तसं करा. आधी कागद घ्या.’

‘कागद कशाला, बोला ना. मी इथेच बसलेय मशीनपाशी. अहो, तुमच्याच स्टुलावर. हे डुगडुगतं, तुम्ही कसे बसत होता?’

त्याने एकेक ओळ सांगितली. त्या मोठ्याने म्हणत टाइप करत गेल्या, चुकत, खोडत, ‘मधे जागा सोडू का?’ विचारत. आजचा फोल्डर बाजूला गेला. मग पडद्यावर पासवर्ड मागितला गेला, आणि काका गप्प झाले. हा पासवर्ड त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता. डॉक्टरीणबाईंनासुद्धा नाही. रजेवर जाताना नाही, तापात नाही. टाइप करतानाही ते अंगाची आडोशासारखी ढाल करत.

‘काका? झोपलात का?’

त्याने तोंडावर हात धरून एकेक अक्षर सांगितलं. जवळून जाणाऱ्या वॉर्डबॉयने वळून पाहिलं.

‘थांबा थांबा,’ टेक्निशियनबाई म्हणाल्या. ‘हा तर त्या काळ्या डब्याच्या बुडाला स्टिकरवर छापलाय! पुसायला उचलला की रोज दिसतो. मला वाटायचं, मॉडेल नंबर आहे. कंपनीचाच ठेवलात होय? मग एवढं लपवत कशाला होता?’

‘बदलायचा राहून गेला.’

‘तुमचं बरंच राहून गेलंय हो,’ त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसण्यात खोट नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं. मग स्टोरेज जोडलं गेलं, जुने फोटो आले, मागून डॉक्टरीणबाईंचं ‘हां, दिसलं’ ऐकू आलं. आजची चित्रं पलीकडे जाऊ लागली. ‘चाक फिरतंय परत,’ टेक्निशियनबाई म्हणाल्या. ‘गेलं आपलं फास्ट.’ त्याने शेवटी ती ओळ सांगितली, नेटवर्क येईपर्यंत थांब. त्यांनी लिहिली, वाचून दाखवली. ‘एवढंच होतं?’ त्यांनी विचारलं. ‘एवढंच,’ तो म्हणाला. ‘आणि उद्या सकाळी मेन स्विचपासून चालू झाल्यावर तपासा, दुपारी तपासून कळत नाही. पासवर्डही बदला. तुम्हीच ठरवा कुठला. मला सांगू नका.’

बाकावर परत येऊन बसला तेव्हा दादा मान न वळवता म्हणाला, ‘काही विसरलास?’

‘नाही.’

‘मग?’

‘काम झालं. फोनवर झालं.’

दादाने आता मान वळवली. मग म्हणाला, ‘फोनवर होतं?’

‘होतं.’

‘आधीपासून?’

हा प्रश्न दादाने विचारू नये असं त्याला तीन वर्षं वाटत होतं, आणि आता विचारला तर त्यात धार कुठेच नव्हती. कापडाचा पन्हा विचारावा तसा विचारलेला. समोर एक बाई पंख्याच्या बटणाशी खटपट करत होती. त्याला वाटलं, आता काहीतरी लांबलचक सांगावं, जोखीम हा शब्द घालून.

‘आधीपासून,’ तो म्हणाला. ‘त्या दिवशी तर फोनही आला नव्हता. सेंटर बंद होतं. मला वहिनीच्या दाराबाहेर बसवत नव्हतं, दादा, म्हणून गेलो.’

दादाने मान हलवली. ऐकलं, एवढंच त्यातून कळत होतं. त्याचे हात पुन्हा शर्टाच्या किनारीवर गेले. पंखा सुरू झाला आणि पट्टीचं एक सुटलेलं टोक त्याच्या गालावर हलू लागलं. काकांना ते खोचावंसं वाटलं, पण हात पुढे गेला नाही. दोघे तसेच बसले. हे बसणं स्टुलावरच्या बसण्यासारखं नव्हतं. इथे कुठला दिवा नव्हता, बाहेर कुणी त्याच्यासाठी ताटकळत नव्हतं, आणि किती वेळाने काय होईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. पोटात ऊब वगैरे काही नव्हतं. नुसती भीती होती, साधी, दुसऱ्याच्या डोळ्याबद्दलची. ती बाकावर त्याच्याबरोबर बसून राहिली, आणि तोही उठला नाही.

नर्सने हाक मारली तेव्हा दादाचं कोपर त्याने धरलं. आतली खोली अंधारलेली होती. डॉक्टरांनी पट्टी ओल्या कापसाने भिजवून सावकाश सोडवली, पापणी पुसली, बाजूचा दिवा लावला. ‘उघडा. घाई नाही.’ पापणी थरथरली, उघडली. आतला डोळा लाल होता, पाण्याने भरलेला. तो इकडे गेला, तिकडे गेला. काका दाराशी उभे होते, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. श्वास कुणी रोखायला सांगितला नव्हता तरी रोखलेला.

‘काय दिसतंय?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘धुकं.’

‘धुक्यात काही आहे का? नीट बघा. समोर, दाराकडे.’

दादा बघत राहिला. वेळ गेला. खोलीतलं कुणीच हललं नाही, डॉक्टरांचा हातसुद्धा.

‘कुणीतरी उभं आहे,’ दादा शेवटी म्हणाला. ‘चेहरा नाही कळत. खांदे कळतायत. डावा जरा खाली.’

‘कोण आहे?’

‘निघायच्या बेतात दिसतोय, म्हणजे माझा भाऊ असणार.’ आणि डॉक्टरांचा श्वास सुटून ते हसले, तरी दादा तसाच समोर बघत होता. ‘बस म्हणावं त्याला.’

खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यात दादा बसला होता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. तपासणीच्या उंच खाटेवर चढायला एक लाकडी पायरी होती, तिच्यावर ते बसले. पायरी फार बुटकी होती, गुडघे छातीशी आले. दादाचा डोळा हळूहळू, चाचपडत, तिथपर्यंत खाली आला.